कट, टोळी आणि गटातले शब्द

गुन्हा घडल्यावर शिक्षा करणे हे फौजदारी कायद्याचे काम, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कटाचा कायदा या समजुतीच्या मुळावरच येतो. दोन माणसांनी मिळून गुन्हा करायचे ठरविले, तर ते ठरविणे हाच येथे गुन्हा. पुढे हत्यार घेतले गेले नाही, ठरलेल्या जागी कोणी फिरकले नाही, तरीही आरोप टिकू शकतो. इंग्लंडमध्ये हा नियम १९७७ च्या फौजदारी कायद्याच्या पहिल्याच कलमात आहे. आपल्याकडे तो इंग्रजांनीच आणला. १९१२ च्या डिसेंबरात दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर बाँब पडला आणि काही महिन्यांतच, १९१३ साली, भारतीय दंडसंहितेत १२० अ व १२० ब ही कलमे घालण्यात आली. साहेब गेला, कलमे राहिली. १ जुलै २०२४ पासून तोच मजकूर भारतीय न्याय संहितेच्या ६१ व्या कलमात आहे.

मी विधी महाविद्यालयात पुरावा कायदा शिकवितो. कटाचा विषय निघाला की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ठरविणे ही मनातली गोष्ट, ती सिद्ध कशी करायची? प्रश्न अगदी रास्त आहे. कट चव्हाट्यावर शिजत नाही, म्हणून त्याचा प्रत्यक्ष पुरावा सहसा मिळत नाही, तो परिस्थितीवरून ताडावा लागतो, असे न्यायालये वर्षानुवर्षे म्हणत आली आहेत. पूर्वी ही परिस्थिती पत्रांतून, भेटीगाठींतून, माफीच्या साक्षीदाराच्या तोंडून उभी केली जाई. आता ती खिशातल्या फोनमधून उभी केली जाते. दहा-वीस जणांच्या गटात कोण काय बोलले, कोणत्या तारखेला, किती वाजून किती मिनिटांनी, याचा सगळा हिशोब तेथे तयार असतो. पोलिसाला एवढा आयता पुरावा पूर्वी कधी मिळाला नव्हता, आणि आयता असल्यामुळेच तो नीट वाचण्याची गरज कोणाला वाटत नाही. ज्या समाजांच्या कपाळी ‘टोळी’ हा शब्द आधीच गोंदलेला आहे, त्यांच्या पोरांच्या बाबतीत तर तो वाचण्याआधीच त्याचा अर्थ ठरून गेलेला असतो. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते एका परदेशी खटल्याच्या आधारे मांडतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात एका सोळा वर्षांच्या कृष्णवर्णी मुलाचा खून झाला. त्याचे मित्र हादरले, रडले, संतापले. टेलिग्रामवरच्या एका गटात त्यांनी दुःख व्यक्त केले आणि सूड घेण्याची भाषाही केली. कोणावर घ्यायचा, याचीही चर्चा झाली. पुढच्या काळात खरोखर हल्ले झाले. माणसे जबर जखमी झाली, जीव कोणाचा गेला नाही. २०२२ साली मँचेस्टरच्या न्यायालयात दहा तरुणांवर खटला चालला. दहाही कृष्णवर्णी, बहुतेकांची विशी अजून उलटायची होती. ज्युरीने चौघांना खुनाच्या कटाबद्दल आणि सहा जणांना गंभीर दुखापतीच्या कटाबद्दल दोषी ठरविले. या सहांपैकी काही जण कोणत्याही हल्ल्याच्या जागी नव्हते. त्यांच्याविरुद्धचा मुख्य पुरावा म्हणजे त्या गटातले त्यांचे संदेश. तरीही त्यांच्या वाट्याला आठ-आठ वर्षांची कैद आली. इंग्लंडात त्यावर गदारोळ झाला, मोर्चे निघाले, अपिले झाली.

येथे गल्लत होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो. ज्यांच्यावर हल्ले झाले तीही माणसेच होती आणि हल्लेखोरांना शिक्षा होण्यात मला काही वावगे दिसत नाही. प्रश्न वेगळा आहे. संतापाच्या भरात चार ओळी लिहिणारा आणि गाडीतून हल्ल्याला जाणारा, हे दोघे एकाच कटाच्या दावणीला कशाच्या बळावर बांधले गेले? मला त्याचे उत्तर ‘टोळी’ या शब्दात दिसते. ही मुले म्हणजे मित्रांचा घोळका नसून टोळी आहे, असे सरकार पक्षाने मांडले. ते दाखविण्यासाठी ड्रिल संगीताचा आधार घेतला. ड्रिल हा रॅपचाच एक प्रकार. शिकागोत जन्मला आणि लंडनच्या गरीब वस्त्यांत रुजला. त्याची भाषा चाकूची, रक्ताची, बदल्याची. एकदा टोळी आहे हे गृहीत धरले की गटात असणे म्हणजे टोळीत असणे, टोळीत असणे म्हणजे तिच्या उद्देशाला संमती असणे, आणि संमती म्हणजेच कट, अशी ही शिडी आपोआप चढली जाते. प्रत्येक पायरीवर पुरावा मागायला हवा होता, असे त्या खटल्याचे टीकाकार म्हणतात.

संगीताचा मुद्दा आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको. आपल्या कवितेत किती वेळा आग लागली, किती वेळा शहरे पेटली! १९७२ साली आलेल्या ‘गोलपिठा’तली भाषा एखाद्या फौजदाराने कबुलीजबाब म्हणून वाचली असती, तर आपल्या साहित्याचा इतिहास पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत लिहावा लागला असता.

टोळी कोण ठरवितो, हा खरा प्रश्न आहे. मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या पॅट्रिक विल्यम्स व बेकी क्लार्क या अभ्यासकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दाखविले की, त्या शहरातल्या पोलिसांच्या टोळीयादीत ८१ टक्के लोक कृष्णवर्णी होते. पण तरुणांच्या गंभीर हिंसाचारात गुंतलेल्यांमध्ये त्यांचे प्रमाण अवघे ६ टक्के होते. म्हणजे हिंसा करतो एक आणि टोळीत नाव लागते दुसऱ्याचे. लंडनच्या पोलिसांनीही २०१२ साली अशीच एक यादी सुरू केली होती. ॲम्नेस्टीने २०१८ साली तिच्यातला वर्णभेद उघडा पाडला, २०२२ साली ती बेकायदा रीतीने चालविली गेल्याचे पोलिसांना मान्य करावे लागले आणि २०२४ साली ती बंद झाली. पण यादी बंद झाली तरी यादीची नजर बंद होत नाही.

ही नजर आपल्या परिचयाची आहे. किंबहुना तिची तालीम इंग्रजांनी आपल्याच भूमीवर केली. १८३६ च्या ठगीविरोधी कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरविला; त्या माणसाने स्वतः कोणाला मारले की नाही, हे विचारण्याची गरज उरली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ‘जमात, टोळी किंवा वर्ग’ हे तीन शब्द एका ओळीत बसविले आणि टोळी जन्माने मिळू लागली. पारधी, कैकाडी, भामटे यांच्या कैक पिढ्या हजेरीच्या वहीत आणि सोलापूरसारख्या ठिकाणच्या तारेच्या कुंपणात गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. परंतु दरोडेखोरांच्या वा चोरांच्या टोळीत ‘असणे’ हा गुन्हा दंडसंहितेत होता तो न्याय संहितेतही आला आहे आणि तिच्या ११२ व्या कलमात गट किंवा टोळीने केलेल्या किरकोळ चोऱ्यांसाठी ‘संघटित गुन्हा’ हे नवे बिरुद तयार झाले आहे. हे कलम पहिल्यांदा कोणत्या पालावर जाऊन धडकेल, हे मी सांगायला नको.

आता संदेशांकडे वळतो, कारण कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना याचेच नेमके ज्ञान नसते. एकाचे बोलणे दुसऱ्याविरुद्ध पुरावा होत नाही, हा सर्वसाधारण नियम. कटात मात्र त्याला अपवाद आहे. इंग्लंडात तो न्यायाधीशांनी घडविला. आपल्याकडे तो १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १० व्या कलमात होता, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ८ व्या कलमात आहे. कट होता असे मानण्यास वाजवी कारण दिसले, की समान उद्देशासंबंधी एक जण जे बोलला वा लिहून गेला ते सगळ्यांच्या विरुद्ध वाचता येते. तुम्ही झोपेत असताना मित्राने रात्री दोन वाजता लिहिलेली ओळ तुमच्या गळ्यात पडते, ती अशी.

या अपवादाला मर्यादा आहेत, पण बचावाचे वकील त्या पुष्कळदा विसरतात. मिर्झा अकबर यांच्या खटल्यात १९४० साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की, कट चालू असताना आणि तो पुढे नेण्यासाठी जे बोलले गेले तेवढेच या कलमाखाली येते. कट संपल्यावर केलेली निवेदने येत नाहीत. त्या खटल्यात आरोपींची आपसातली पत्रे ग्राह्य धरली गेली, परंतु अटकेनंतर मॅजिस्ट्रेटपुढे दिलेला जबाब बाजूला ठेवला गेला. गटातल्या संदेशांना हीच कसोटी लावली पाहिजे. हा संदेश कट पुढे नेतो आहे, की नुसता शोक करतो आहे, शिव्या देतो आहे, फुशारकी मारतो आहे? दुसरी गोष्ट ‘वाजवी कारणा’ची. गट आहे म्हणून कट दिसतो आणि कट आहे म्हणून गटातला प्रत्येक शब्द पुरावा ठरतो, हे तर्काचे कोलू आहे. बैल दिवसभर चालतो आणि तेथेच राहतो. कटाला संदेशांच्या बाहेरचा काही आधार आहे का, हे आधी विचारलेच पाहिजे.

भाषेचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. वस्तीतल्या आईने पोराला ‘मुडदा बशिवला तुझा’ म्हटले तर त्यात खुनाचा उद्देश शोधणारा माणूस वस्तीत कधी राहिलेला नाही, एवढेच सिद्ध होते. ‘त्याला बघून घेतो’, ‘आता सुट्टी नाही’ ही वाक्ये आपल्याकडे क्रिकेटच्या सामन्यावरूनही लिहिली जातात. अशा बोलीचा अर्थ न्यायालयाला समजावून सांगायला इंग्लंडातल्या खटल्यांत पुष्कळदा पोलीस अधिकारीच तज्ज्ञ म्हणून उभा राहतो. ज्याने पकडले तोच दुभाषा! त्या मुलांचा शिक्षक, त्यांच्या गल्लीतला वडीलधारा, त्या बोलीचा अभ्यासक यांना साक्षीला का बोलावू नये?

आणि मौनाचे काय? गटात शंभर जण असतात. निम्मे कधी वाचीतही नाहीत. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितले की, समान उद्देश किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल गटप्रमुखाला जबाबदार धरता येत नाही. गटप्रमुखाची ही गोष्ट, तर नुसत्या सदस्याची किती अधिक! त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईतल्या जहाजावरील अमली पदार्थांच्या गाजलेल्या प्रकरणात एका प्रख्यात नटाच्या मुलाला उच्च न्यायालयाने जामीन दिला. एकाच जहाजावर असणे म्हणजे कट नव्हे आणि फोनमधल्या संभाषणातही आरोपींची मने जुळल्याचे दिसत नाही, असा त्या आदेशाचा आशय होता. निर्णय योग्यच होता. पण त्या मुलाच्या बाजूने देशातले नामांकित वकील उभे होते. पारध्याच्या पोराचा फोन जप्त होतो तेव्हा त्याच्यासाठी हे वाक्य कोण उच्चारणार?

कोणी म्हणेल, मग कटाचे कलमच नको. मी तसे म्हणणार नाही. अहमदनगर जिल्ह्यातल्या सोनई गावी २०१३ साली तीन दलित तरुणांची हत्या झाली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नव्हता. २०१८ साली नाशिकच्या न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी जोडून सहा जणांना खून व कटाबद्दल दोषी ठरविले. कटाचे कलम नसते तर गावकीच्या एकजुटीपुढे असे खटले उभेच राहिले नसते. पण तेथे तीन प्रेते होती आणि ती लपविण्याची कृत्ये होती. नुसते शब्द नव्हते.

शेवटचा मुद्दा पूर्ण नोंदीचा, आणि तो सर्वांत व्यवहाराचा आहे. गटातल्या हजारो संदेशांतून सरकार पक्ष पंचवीस-तीस निवडतो. उरलेल्यांत ‘जाऊ दे रे’, ‘घरी बसा’, ‘आईचा विचार करा’ असे काही असेल तर ते कोण दाखविणार? इंग्लंडात श्रूजबरीच्या बांधकाम मजुरांना १९७२ च्या संपावरून कटाखाली शिक्षा झाल्या होत्या. साक्षीदारांचे मूळ जबाब नष्ट केले गेले होते आणि ही गोष्ट बचाव पक्षाला सांगितलीच नव्हती, या कारणावरून त्या शिक्षा २०२१ साली रद्द झाल्या. तोवर शिक्षा भोगून झाल्या होत्या, काही मजूर वारलेही होते. आपल्याकडे फोनमधल्या मजकुराची प्रत पुरावा म्हणून द्यायची असेल तर विहित प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून निघालेल्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ते सक्तीचे असल्याचे पुन्हा बजावले. आता ही तरतूद साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात आहे. केवळ पडद्याची छायाचित्रे काढून जोडलेली असतील, तर पहिली हरकत येथेच घ्यावी. फोन जप्त करताना पंचनाम्यात काय लिहिले, तो मोहोरबंद केव्हा झाला, प्रयोगशाळेत केव्हा पोचला, मधल्या दिवसांत कोणाच्या ताब्यात होता, हे विचारावे. आणि निवडलेल्या संदेशांच्या मागचे-पुढचे सगळे संभाषण मिळावे म्हणून लेखी अर्ज द्यावा. तो आरोप निश्चित होण्यापूर्वीच द्यावा.