गारवा साहेबाला, धोका कंत्राटी पोराला

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एसी ही आता साहेबाच्या केबिनची चैन राहिलेली नाही. कारखान्यातील प्रयोगशाळा, संगणक कक्ष, बँकेची शाखा, पालघरचे खासगी दवाखाने यांचे काम एसीवाचून अडते. मात्र हे यंत्र साफ कोण करतो, कशाने करतो आणि त्याला काही झाले तर जबाबदार कोण, हे कुणी विचारत नाही. हा प्रश्न आम्ही येथे उपस्थित करीत आहोत.

एसीला दोन कॉइल असतात. आतली कॉइल खोलीतील उष्णता ओढून घेते, बाहेरची ती हवेत सोडते. तांब्याच्या नळ्यांवर अॅल्युमिनियमच्या पातळ पात्या बसवलेल्या असतात. त्यांवर धूळ साचली की उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि विजेचे बिल वाढते. आपल्या भागात समुद्राची खारी हवा आहे आणि रासायनिक कारखान्यांचा धूरही आहे. अमोनिया व गंधकयुक्त वायू तांबे खातात, मीठ अॅल्युमिनियम खाते. त्यामुळे कोरड्या शहरापेक्षा येथे कॉइल अधिक वेळा धुवावी लागते.

योग्य पद्धत अवघड नाही. आधी वीज मुख्य स्विचपासून तोडावी. जाळी काढून धुवावी. पात्यांवरची धूळ मऊ ब्रशने झाडावी. सौम्य द्रावण फवारून, पात्या वाकणार नाहीत अशा बेताने पाणी मारावे. निचऱ्याची नळी मोकळी करावी, सैल झालेली वायरिंगची जोडणी आवळावी. या सगळ्याला वेळ लागतो. पण वार्षिक देखभालीचे कंत्राट सर्वात कमी दराला जाते आणि त्या दरात वेळ बसत नाही. मग कंत्राटदार आम्लाचा डबा देतो. पाच मिनिटांत कॉइल चकचकीत दिसते आणि कागदावर सही होते.

अशा काही स्वस्त द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. सौम्य प्रमाणात ते कातडीवर पडले तर लगेच दुखत नाही. दुखू लागते तोवर ते आत मुरलेले असते आणि हाडापर्यंत जाऊ शकते. अशा वेळी भरपूर पाण्याने धुणे, कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम लावणे आणि ताबडतोब डॉक्टर गाठणे हाच उपाय. डब्यात काय आहे हे ज्याला सांगितलेलेच नाही, तो पोरगा हे कसे करणार? शिवाय नव्या एसीत येणारा आर-३२ वायू पेट घेऊ शकतो. बाहेरचे युनिट तिसऱ्या मजल्याच्या भिंतीला टांगलेले असते आणि कमरेला पट्टा नसतो.

हा धोका एकट्या कामगाराचाही नाही. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे आपल्याच जिल्ह्यात, विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून किमान १३ रुग्ण मृत्युमुखी पडले. आगीची सुरुवात एसीतून झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. देखभाल म्हणजे नुसती सही नव्हे, एवढा धडा तरी त्यातून घ्यायला हवा.

कायदा काय सांगतो? २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. तिच्यातील कंत्राटी कामगारांच्या तरतुदी ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होतात. मोठा कारखाना त्यात येतो. बँकेच्या शाखेत वा दवाखान्यात येणारी दोन-तीन पोरे त्यातून निसटतात. अपघाताच्या भरपाईचा हक्क १९२३ च्या कायद्याने दिला होता, तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे आणि तो कंत्राटदाराविरुद्ध मागता येतो. पण कंत्राटदार गायब झाला तर? मूळ मालकाला जबाबदार धरायचे, तर ते काम त्याच्या धंद्याचा नेहमीचा भाग असावे लागते. मालक खुशाल म्हणतो, ‘एसी धुणे हा आमचा धंदा नव्हे!’ या एका वाक्यात गरिबाच्या घरचा हक्क अडकून पडतो.

म्हणून जबाबदारी कंत्राटाच्या कागदावरच लिहून घेतली पाहिजे. कोणते द्रावण वापरणार, हातमोजे, चष्मा व पट्टा कोण देणार, विमा कोण काढणार आणि अपघात झाल्यास मूळ मालकही भरपाई देणार, या चार ओळी प्रत्येक कंत्राटात असाव्यात. २०१९ च्या केंद्राच्या कूलिंग अॅक्शन प्लॅनने २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. तेव्हा येणाऱ्या कामगाराला प्रशिक्षण मिळाले आहे का, हे विचारण्याचा प्रत्येक ग्राहकाला अधिकार आहे.

संविधानाचे कलम ४२ कामाच्या न्याय्य व मानवी परिस्थितीसाठी तरतूद करण्यास राज्याला सांगते. सुरुवात सरकारी कार्यालयांनी स्वतःच्या निविदांपासून करावी. आणि कामावर जाणाऱ्या आपल्या तरुणांनी डब्यावरचे लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नये. लेबल नसेल तर काम नाकारावे. जीव धोक्यात घालण्याची सक्ती कोणताही कंत्राटदार करू शकत नाही.