कशिद्याची उलट बाजू

कापडाच्या व्यापारात पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या घरांतील स्त्रियांना पोत, रंग आणि पन्हा यांची पारख उपजतच असते. परंतु त्या कापडावर सुईने जे घडते त्याची पारख असतेच असे नाही. बेळगाव परिसरातील आपल्या बहुतेक घरी आजीच्या पेटीत एखादे इरकली लुगडे असते आणि त्याच्या पदरावर बारीक कर्नाटकी कशिदा असतो. ते लुगडे आपण सणाला काढतो, कौतुक करतो आणि घडी घालून ठेवतो. म्हणूनच धारवाडास या कशिद्याचे प्रदर्शन भरल्याचे कळताच भरतकामासाठी दर आठवड्यास एकत्र जमणाऱ्या आम्ही आठ भगिनींनी तेथे जाण्याचा बेत केला. वाट सुमारे ७५ किलोमीटरांची, आणि ती सुयादोऱ्यांच्या गप्पांत केव्हाच सरली.

कानडीत या कामास ‘कसुती’ म्हणतात. ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सुती’ म्हणजे सूत, अशी त्या शब्दाची फोड सांगतात. धारवाड, हुबळी आणि भोवतालचा मुलूख हे त्याचे माहेर. कापडावर नक्षी आखावयाची नाही, छाप उमटवावयाचा नाही. उभे-आडवे धागे मोजावयाचे आणि मोजणीवरच सारे चित्र उभे करावयाचे, ही त्याची पहिली अट. टाके चारच. ‘गवंती’ हा दुहेरी धावदोरा. ‘मुर्गी’ त्याच जातीचा, पण पायऱ्यापायऱ्यांनी तिरकस चढणारा. ‘नेयगे’ म्हणजे विणकाम; रफूसारखे लांब-आखूड टाके घालून कापडातच विणल्यासारखी नक्षी त्याने उठते. आणि ‘मेंती’ म्हणजे मेथी. हा आपला फुलीचा टाका, भरीव दिसणारा आणि दोरा फार खाणारा. एवढ्या चार टाक्यांच्या भांडवलावर गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर, पाळणा असा सारा संसार मांडलेला आम्ही पाहिला.

दालनाच्या मधोमध काळी लुगडी टांगली होती. काळ्या लुगड्यास तिकडे ‘चंद्रकाळी’ म्हणतात आणि ते नवरीस देण्याची रीत आहे. संक्रांतीला चंद्रकळा नेसणाऱ्या आम्हां मराठी बायकांना ते नाव परके वाटले नाही. आमच्यातील एका वडीलधाऱ्या बाईंना रेशीम वर्ज्य. त्या आपल्या सुती दोऱ्याच्या कामापाशीच रेंगाळल्या, आणि खरे सांगावयाचे तर सर्वांत सुबक रथ त्यांनाच सापडला.

परंतु आमचा बहुतेक वेळ गेला तो कोपऱ्यात बसून काम करणाऱ्या एका कारागीर बाईपाशी. आम्ही नक्षीची वाखाणणी करू लागताच, “अक्का, आधी उलटून बघा,” असे ती मोडक्या मराठीत म्हणाली आणि पदर उलटा करून आमच्या हाती दिला. दोन्ही बाजू सारख्याच! गाठ नाही, लोंबता दोरा नाही. गवंतीत सुई एक टाका घालीत आणि एक जागा मोकळी सोडीत पुढे जाते, आणि परत येताना त्या मोकळ्या जागा भरून काढते. हे ऐकावयास सोपे वाटते. पण गोपुराला शिखरे असतात, शिखरांना कळस असतात, प्रत्येक फाट्यावर जाऊन सुईला माघारी यावयाचे असते. एक फाटा विसरला की तेथवर पोचण्यास रस्ता उरत नाही, आणि मग काम उसवणे हाच उपाय. म्हणजे सुई टोचण्यापूर्वीच जाण्यायेण्याची सारी वाट मनात ठरलेली हवी. युरोपातही हा टाका जुना आहे. सोळाव्या शतकातील होल्बाइन या चित्रकाराच्या व्यक्तिचित्रांतील कपड्यांवर तो दिसतो, म्हणून तिकडे त्यास त्याचेच नाव पडले आहे. नेयगे व मेंती यांची उलट बाजू मात्र सुलटीसारखी नसते, हेही त्या बाईने आपण होऊन सांगितले.

धागे मोजता येत नाहीत अशा गुळगुळीत कापडावर काय करता, असे आम्ही विचारले. तेव्हा तिने जाळीदार मॅटीचा तुकडा कापडावर टाचून दाखविला. त्याच्या घरांवरून टाके घालावयाचे आणि काम संपल्यावर मॅटीचा एकेक धागा ओढून काढावयाचा. खाली केवळ नक्षी उरते.

पुढल्या दालनात विक्री होती, आणि तेथे आमच्या मनाला खरी टोचणी लागली. हातकामाच्या लुगड्याशेजारीच यंत्राने भरलेली आणि नुसती छापलेली लुगडी होती. पाटीवर मात्र सर्वांना एकच नाव. आम्ही शिकल्याप्रमाणे उलटून पाहिले. यंत्रकामाच्या पाठीवर खालच्या रिळाचा वेगळा दोरा आणि चिकटविलेले अस्तर. छापील लुगड्याच्या पाठीवर केवळ रंगाची पुसट छाया. कसुतीस २००६ साली भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली आहे. पण गिऱ्हाईक नोंदणी पाहत नाही, किंमत पाहते. दाट काम असेल तर एका लुगड्यापायी कित्येक आठवडे जातात. तेच चित्र निम्म्याहून कमी किमतीत शेजारी टांगलेले असल्यावर त्या आठवड्यांची मजुरी मागावयाची कोणत्या तोंडाने?

यंत्राशी आमचे वैर नाही. सर्वांनाच हातकामाचे लुगडे परवडणार नाही, आणि आपल्यापैकी अनेकांची दुकाने यंत्राच्या मालावरच चालतात. वाईट आहे ते एकाच्या नावावर दुसरे खपविणे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे, म्हणजे खऱ्यासारखे दिसणारे खोटे खऱ्याच्या भावाने देणे. व्यापाऱ्यांसाठी याहून नेमका शब्द आम्हांस तरी ठाऊक नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत बराच खल झाला. एकीचे म्हणणे, पावतीवर ‘हातकाम’ किंवा ‘यंत्रकाम’ असे लिहिले तर पुरे. दुसरीचे म्हणणे, पावती कोण वाचतो? लुगडे गादीवर उलगडतानाच दुकानदाराने पदराची उलट बाजू आधी दाखवावी. सासऱ्यांच्या दुकानात बसणाऱ्या एका सुनेने मात्र हसून सांगितले की, तसे केले तर आमची दिवाळीची निम्मी विक्री बसेल. तिचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. दोन्ही सूचना आम्ही कागदावर उतरवून मंडळाच्या कार्यकारिणीकडे दिल्या असून येत्या वार्षिक सभेत त्या विचारार्थ यावयाच्या आहेत. धारवाडहून आणलेली चार मीटर मॅटी आमच्याजवळ आहे; ज्या भगिनींना गवंती शिकावयाची असेल, त्यांनी जाड सुई आणि सुती दोऱ्याची एक लडी घेऊन यावे.