तळघरातला स्टुडिओ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अंबाजोगाईतल्या आमच्या जुन्या वाड्याला तळघर आहे. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, उंची जेमतेम सात फूट. पूर्वी तिथं ज्वारीची पोती असत. तिथं ध्वनिमुद्रणाची खोली करावी असं मनात आलं ते मावशीमुळे. मावशी ऐंशीची झाली. जात्यावरच्या ओव्या तिला किती येतात याचा हिशेब तिच्याकडेही नाही आणि गेल्या वर्षापासून एखादी ओवी अर्ध्यावरच अडकू लागली आहे.

आधी माजघरात मोबाईलवर दोनदा घेऊन पाहिलं. ओवीपेक्षा शेजारचा कूलर, पिठाची गिरणी आणि मोटारसायकलीच जास्त ऐकू आल्या. तळघर मात्र शांत. आवाज अडवायला वजन लागतं, आणि तिथं चारही बाजूंना दगड अन् त्यामागे थेट जमीन. अशी भिंत बाजारात मिळत नाही.

पण बाहेरचा आवाज अडवणं वेगळं आणि आतला घुमू न देणं वेगळं. पुष्कळांची गल्लत इथंच होते. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले मी पाहिलेत. त्यानं बाहेरचं काही अडत नाही आणि आतला खर्जही शोषला जात नाही. आवाज सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. सात फुटी छताखाली तो फरशी आणि छत यांच्यात येरझाऱ्या घालतो आणि सेकंदाला 80 कंपनांच्या आसपासचा स्वर फुगतो. लांबी, रुंदी, उंची सारखी असेल तर तिन्हीकडून तोच स्वर फुगणार.

आमचा तालुका पखवाजाचा. आपेगावच्या शंकरबापू आपेगावकरांना 1986 मध्ये पद्मश्री मिळाली. डाव्या तोंडाला ओली कणीक लावलेला पखवाज अशा खोलीत वाजवला की एक थाप गडगडत राहते आणि पुढची तिच्यात बुडते. उपाय जाडीचा. कोपऱ्यांत कापसाच्या जुन्या गाद्या उभ्या केल्या, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून गोधड्या टांगल्या. गोधडी भिंतीला चिकटवली तर निम्मा उपयोग जातो.

खरी भीती ओलीची. ओलीनं वाद्यांची चामडी उतरते, मायक्रोफोन खरखरतो. ओल कुठून येते ते कळायला भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब आतून धरले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरून धरले तर हवेतून. मी हे न पाहताच सिमेंटचा गिलावा केला आणि पहिल्याच पावसाळ्यात तो पापुद्र्यांनी सुटला. दुसऱ्यांदा चुना वापरला. मुद्रण चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो, त्यामुळे दर पंधरा मिनिटांनी दार उघडायचं, हेही ठरलं.

एवढं सगळं झाल्यावर मावशीला आणलं. अकरा उभ्या पायऱ्या, कठडा नाही. तिनं वरूनच डोकावून पाहिलं. "जात्याबिगर मला ओवीच सुचत न्हाई, अन् ह्या बळदात मी उतरायची बी न्हाई," म्हणाली. गुडघे तिचे, आणि विसरलो मी! शिवाय जात्याची घरघर त्या बुटक्या खोलीत काय झाली असती, हेही तेव्हाच लक्षात आलं.

मग यंत्र खाली ठेवलं, मायक्रोफोन माजघरात, आणि झरोक्यातून वीस मीटर केबल. ही केबल बॅलन्स्ड हवी. तिच्या दोन तारांतून एकच आवाज उलटसुलट जातो. विजेची 50 कंपनांची गुणगुण दोन्हींत सारखीच शिरते आणि शेवटी वजाबाकीत निघून जाते. जात्याची कंपनं जमिनीतून चढू नयेत म्हणून स्टँडखाली घोंगडी चौघडी घातली.

वेळ पहाटे चारची. ती ओव्यांची मूळ वेळ, आणि तेव्हा गिरणीही बंद. 1996 मध्ये आपल्याच माजलगावात ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी उभ्या केलेल्या त्या संग्रहात आज लाखाहून जास्त ओव्या आहेत. त्या काही स्टुडिओत गाइलेल्या नाहीत.

मावशीच्या आतापर्यंत दोनशे बारा झाल्या. अडकलेली ओवी जात्याचे दोन फेरे जास्त झाले की बहुधा सुटते, तेवढी वाट मी कापत नाही. पायऱ्यांना कठडा मात्र आता लावतोय. तळघरात पखवाजवाले यायचे आहेत.