ऑफ-रोड ट्रिपसाठी वॉकी-टॉकी घेताय? वॉट नंतर बघा, आधी फ्रिक्वेन्सी बघा

ओढ्यातून गाड्या घालायच्या आहेत. पहिली गाडी पलीकडे पोचली आणि मधला मोठा दगड नेमका कुठे आहे ते तिच्या ड्रायव्हरला कळलं. आता हे मागच्या चार गाड्यांना सांगायचं कसं? फोनला रेंज नाही. पाण्याच्या आणि इंजिनच्या आवाजात ओरडून काही पोचत नाही. हातवारे केले तर मागचा म्हणतो, "ये म्हणतोय की थांब म्हणतोय?"

अशा वेळी वॉकी-टॉकी लागतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर थार, जिम्नी घेऊन कच्च्या रस्त्यांवर फिरतो. त्यामुळे ग्रुपमध्ये कोणी नवीन आलं की हमखास मला विचारतं, "कुठला सेट घेऊ? पाच वॉटचा बघितलाय, दहा किलोमीटर रेंज लिहिलीय." या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

फोन असताना रेडिओ कशाला?

फोनवरची पुश-टू-टॉक अ‍ॅप्स वॉकी-टॉकीसारखी वाटतात, पण तुमचा आवाज इंटरनेटवरून सर्व्हरपर्यंत जातो आणि तिथून मित्राच्या फोनवर येतो. टॉवर नसेल तर तुम्ही दोघं दहा फुटांवर असलात तरी अ‍ॅप गप्प. ताम्हिणीच्या आतल्या वाटांवर किंवा स्पितीत ग्रामफू ते लोसर या पट्ट्यात नेमकं हेच होतं.

वॉकी-टॉकीमध्ये मधे कोणी नसतं. एका सेटमधून निघालेली लहर थेट दुसऱ्या सेटच्या अँटेनावर पडते. बटण दाबलं की ग्रुपमधल्या सगळ्यांना एकाच वेळी ऐकू जातं. नंबर लावा, रिंग वाजू द्या, उचलेपर्यंत थांबा, ही भानगड नाही. गाडी घसरायला लागली की हे दोन सेकंद फार महत्त्वाचे असतात.

खोक्यावरचे दहा किलोमीटर येतात कुठून?

या फ्रिक्वेन्सीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे जमिनीपासून दीड मीटर उंचीवर धरलेल्या सेटचं रेडिओ क्षितिज सुमारे ५ किलोमीटरवर असतं. समोरच्याचंही तेवढंच. दोन्ही मिळून झाले १० किलोमीटर! म्हणजे आकडा अगदी खोटा नाही, पण तो सपाट, मोकळ्या मैदानातला आहे. मधे झाड नाही, घर नाही, डोंगर तर नाहीच नाही. सह्याद्रीत असं मैदान शोधायलाच तुम्हाला दहा किलोमीटर जावं लागेल.

मग वॉट वाढवले तर? इथे गणित गंमतशीर आहे. अर्ध्या वॉटच्या ऐवजी ५ वॉट, म्हणजे पॉवर दहापट. पूर्ण मोकळ्या अवकाशात यामुळे अंतर सुमारे सव्वातीन पट वाढतं. जमिनीलगत मात्र सरळ आलेली आणि जमिनीवरून उसळून आलेली लहर एकमेकींना मारतात आणि सिग्नल फार वेगाने कमी होतो. तिथे दहापट पॉवरला जेमतेम पावणेदोन पट अंतर मिळतं. आणि मधे डोंगराची सोंड आली तर दोन्ही सेट जवळपास सारखेच मुके होतात.

आमच्या अर्ध्या वॉटच्या सेटवर धरणाच्या मोकळ्या पाण्यापलीकडून दोन-तीन किलोमीटरवरचा आवाज स्वच्छ ऐकू आलाय. त्याच सेटवर घाटातल्या एका वळणाआड अर्ध्या किलोमीटरच्या आतच खरखर सुरू झाली. सेट तोच, बॅटरी तीच, बदलला तो फक्त मधला डोंगर.

आता स्वतःला विचारा, तुम्हाला बोलायचंय किती लांब? पाच-सहा गाड्यांचा ताफा कच्च्या रस्त्यावर असेल तर पहिली आणि शेवटची गाडी यांच्यात बहुतेक वेळा एक किलोमीटरही अंतर नसतं. त्याहून जास्त पडलं तर रेडिओ बदलण्यापेक्षा पुढच्याने थांबणं शहाणपणाचं.

कायदा: भारतात काय चालतं?

यूट्यूबवरचे बहुतेक ऑफ-रोड व्हिडिओ अमेरिकेतले नाहीतर ऑस्ट्रेलियातले. अमेरिकेत ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास एफआरएस आणि जीएमआरएस चालतं, ऑस्ट्रेलियात ४७७ मेगाहर्ट्झजवळ यूएचएफ सीबी. तिथे ते कायदेशीर आहे, आपल्याकडे ते पट्टे असे खुले नाहीत. त्यामुळे अमेरिकेतल्या दादाला "येताना दोन सेट घेऊन ये" असं सांगू नका.

आपल्याकडे सर्वसामान्य माणसासाठी हे पर्याय आहेत:

१. ४४६ मेगाहर्ट्झचे सेट. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी पॉवरच्या उपकरणांसाठी २०१८ च्या नियमांनुसार लायसन्समुक्त आहे. युरोपातल्या पीएमआर ४४६ चाच हा पट्टा. हे सेट साधारण अर्ध्या वॉटचे असतात आणि अँटेना काढता येत नाही. ट्रिपवाल्या बहुतेकांसाठी हेच पुरेसे आहेत.

२. २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड. जुन्या इंग्रजी सिनेमात ट्रकवाले बोलतात तो हा. ५ वॉटपर्यंत तो आपल्याकडेही लायसन्समुक्त आहे. पण त्याची लहर ११ मीटर लांब, म्हणजे नीट काम करणारी अँटेनाही लांबलचक हवी. छोट्या हँडसेटवर ती जमत नाही आणि सेटही दुकानात सहज दिसत नाहीत.

३. हॅम रेडिओ. यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं. वयाची १२ वर्षं पूर्ण असली की परीक्षा देता येते. मग १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत जास्त पॉवर आणि गाडीवर चांगली अँटेना वापरता येते. अट एकच आणि मोठी: जो जो बोलणार त्याच्याकडे लायसन्स हवं. पाचातल्या एकाकडे असून भागत नाही.

आणि तो प्रसिद्ध, स्वस्त, ५ वॉटचा चायनीज सेट? असे सेट साधारण १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ एवढ्या मोठ्या पट्ट्यात बोलू शकतात. यातल्या काही भागात पोलिसांसारख्या यंत्रणांचे सेट चालतात. तुम्ही नकळत त्यांच्या बोलण्यात घुसू शकता. "मी तो ४४६ वरच लावून वापरतो" हेही चालत नाही, कारण लायसन्सची सूट फक्त फ्रिक्वेन्सीला नसते, ती कमी पॉवरच्या आणि मान्यता असलेल्या उपकरणाला असते. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा सेटच्या बेकायदा विक्रीबद्दल ऑनलाइन विक्री करणाऱ्या प्लॅटफॉर्मना नोटिसा पाठवल्या आणि विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. म्हणजे ऑनलाइन मिळतो म्हणून कायदेशीर, असं समजू नका.

खरेदीआधी दोन गोष्टी तपासा: फ्रिक्वेन्सी ४४६.० ते ४४६.२ च्या आतच आहे का आणि त्या मॉडेलला ईटीए, म्हणजे डब्ल्यूपीसीची उपकरण मान्यता आहे का. विक्रेत्याकडे ईटीए सर्टिफिकेट मागा. "सर, सगळे हेच घेतात" हे सर्टिफिकेट नव्हे.

सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइट मेसेंजर यांच्या बाबतीत तर आणखी सावध राहा. परवानगीशिवाय ते भारतात बाळगता येत नाहीत, आणि असं उपकरण बॅगेत सापडल्यामुळे परदेशी पर्यटकांना विमानतळावर अडवल्याच्या घटना घडल्या आहेत. सीमेजवळच्या भागात जाणार असाल तर साधा वॉकी-टॉकी नेण्याआधीही स्थानिक प्रशासनाकडे विचारून घ्या.

"१६ चॅनेल, ३८ कोड" म्हणजे ६०८ चॅनेल नव्हेत

४४६ च्या पट्ट्यात १२.५ किलोहर्ट्झच्या अंतराने १६ चॅनेल बसतात. खरे चॅनेल एवढेच. "प्रायव्हसी कोड" म्हणून जे विकतात ते सीटीसीएसएस. तुमच्या आवाजासोबत सेट एक बारीक, खालच्या पट्टीतला सूर पाठवतो. समोरच्या सेटला ओळखीचा सूर मिळाला तरच तो स्पीकर उघडतो.

याचा अर्थ दोन गोष्टी. एक, तुमचं बोलणं गुप्त नाही. कोड न लावलेल्या सेटवर ते कुणालाही ऐकू येतं. दोन, त्याच चॅनेलवर दुसरा ग्रुप वेगळ्या कोडने बोलत असेल तर तुम्हाला शांतता वाटेल, पण चॅनेल रिकामा नसेल. तुम्ही "थांबा" म्हणाल आणि तो शब्द त्यांच्या गप्पांखाली दबून जाईल. म्हणून निघण्याआधी कोड बंद करून, किंवा मॉनिटर बटण असेल तर ते दाबून, चॅनेल खरंच मोकळा आहे का ते ऐका. मग सगळ्यांनी तोच चॅनेल आणि तोच कोड लावा.

सेटमध्ये काय बघायचं?

- धूळ आणि पाणी: आयपी रेटिंगमधला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ म्हणजे धुळीपासून बऱ्यापैकी संरक्षण आणि पाण्याचे शिंतोडे चालतील. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि १ मीटर पाण्यात अर्धा तास पडला तरी चालेल. ओढ्याबिढ्यात शिरणार असाल तर दुसरा.
- चार्जिंग: टाइप-सी असेल तर फोनचाच चार्जर आणि पॉवर बँक चालते. वेगळा डॉक हमखास घरी राहतो.
- बॅटरी: कंपन्या तास मोजताना बहुतेकदा ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं आणि ९० टक्के नुसतं चालू, असं धरतात. तुमचा ग्रुप गप्पिष्ट असेल तर तास कमी होणार.
- बटण: मोठं आणि न बघता सापडेल असं. ट्रिपवर तुमचं लक्ष स्क्रीनवर नाही, रस्त्यावर असतं.
- स्पीकर: डिझेल इंजिन चालू ठेवून ऐकून बघा. दुकानात सगळेच स्पीकर छान वाटतात.

व्हॉक्स बंद ठेवा

व्हॉक्स म्हणजे बटण न दाबता, आवाज झाला की सेट आपोआप बोलायला लागतो. ऐकायला सोयीचं, ऑफ-रोडला धोक्याचं. इंजिनच्या आवाजानेही तो सुरू होतो आणि चॅनेल अडवून ठेवतो. त्याहून वाईट म्हणजे आवाज ओळखून सुरू व्हायला त्याला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात पहिला शब्द कापला जातो. आता मराठीत विचार करा. तुम्ही म्हणालात, "नको येऊ." मागच्याला ऐकू गेलं, "येऊ."

बटण वापरतानाही घाईत हेच होतं. म्हणून बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. आणि धोक्यासाठी "नको" हा शब्द वापरूच नका. आमच्याकडे एकच शब्द ठरलेला आहे: "थांबा, थांबा." दोनदा. पहिला कापला गेला तरी दुसरा पोचतो.

तसंच डावं-उजवं. समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं डावं म्हणजे ड्रायव्हरचं उजवं. त्याऐवजी "ड्रायव्हर साइड" आणि "क्लीनर साइड" म्हणा. आपल्या ट्रकवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय.

रेंज फुकटात वाढवायची युक्ती

- सेट कमरेला किंवा कप होल्डरमध्ये ठेवून बोलू नका. डोक्याच्या उंचीवर, अँटेना सरळ उभी धरा. सगळ्यांच्या अँटेना उभ्या असतील तर सिग्नल चांगला मिळतो.
- गाडीचा पत्रा लहरी अडवतो. ४४६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ६७ सेंटिमीटरची, त्यामुळे ती खिडकीतून बाहेर पडते. सेट काचेजवळ धरा.
- मधल्या गाडीला निरोप्या बनवा. घाटात पहिली आणि शेवटची गाडी वेगवेगळ्या वळणांआड असतात, पण मधल्या गाडीला दोघांचंही ऐकू येतं. तिने प्रत्येक महत्त्वाचा निरोप परत बोलायचा. याला पैसे लागत नाहीत आणि ५ वॉटच्या सेटपेक्षा हे जास्त कामाचं आहे.
- सेट ड्रायव्हरच्या नाही, शेजारच्या माणसाच्या हातात द्या. ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर.

मग घ्यायचं काय?

पाच-सहा गाड्या, अधूनमधून वीकेंड ट्रिप: ईटीए असलेले ४४६ चे सेट, प्रत्येक गाडीत एक, आणि जमलं तर उतरून वाट दाखवणाऱ्यासाठी एक जास्तीचा. सगळे एकाच मॉडेलचे घेतलेत तर चॅनेल आणि कोड जुळवायची डोकेदुखी वाचते.

दरवर्षी लांबच्या मोहिमा करणारा कायमचा ग्रुप: हॅमची परीक्षा सगळ्यांनी मिळून द्या. अभ्यास इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापेक्षा सोपा आहे, हे मी शपथेवर सांगू शकतो.

आणि कुठलाही सेट घेतलात तरी ट्रिपच्या आदल्या रविवारी जवळच्या घाटात जाऊन वापरून बघा. कुठल्या वळणावर आवाज तुटतो, निरोप्या कोण, "थांबा" सगळ्यांना कळतंय का, हे तिथे पक्कं करा. ओढ्याच्या काठावर उभं राहून मॅन्युअल वाचायची वेळ येऊ देऊ नका.