रियाधमधले चाळीस दिवस

उन्हाळा म्हणजे काय, हे बीडच्या माणसाला कोणी शिकवायला नको. मे महिन्यात आमच्या वर्गाचे पत्रे तापतात तेव्हा मुले वहीने वारा घेत परीक्षेचे पेपर लिहितात. त्यामुळे २०२५ च्या मेच्या सुट्टीत अम्मीला घेऊन भाईजानकडे रियाधला जायचे ठरले, तेव्हा शाळेतल्या सहकारी मॅडम हसल्याच. म्हणाल्या, "लोक सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी जातात, तुम्ही तव्यावरून उठून चुलीत चाललात." पण भाईजानला तिकडे सतरा वर्षे झाली आणि अम्मीने त्याचे घर एकदाही पाहिले नव्हते. भेटीचा व्हिसा मिळाला आणि आम्ही निघालो.

जाण्यामागे आणखी एक कारण होते. बशीरगंजमधले आमचे जुने माळवदाचे घर विकायचे आणि बार्शी रोडला, गावाबाहेर, प्लॉट घेऊन बंगला बांधायचा, असे भाईजानच्या मनात होते. अम्मी हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. समोरासमोर बसून बोलू, असे ठरले होते.

रियाध हे नाव आपल्याला परके नाही. अरबीतले 'ज़ाद' हे अक्षर आपण उर्दूत 'ज़' असे उच्चारतो, म्हणून तिकडचे रियाध ते आपल्याकडचे रियाज़. प्रत्येक मोहल्ल्यात या नावाचा एखादा मुलगा सापडतोच. अर्थ आहे बागा. 'रौज़ा' या शब्दाचे ते अनेकवचन. आपल्याकडे रौज़ा म्हटले की मकबरा डोळ्यांसमोर येतो, पण मूळ अर्थ बाग, हिरवळ. वाळवंटात पावसाचे पाणी साचून जिथे हिरवे व्हायचे, त्या जागेला हे नाव पडले. वर्षाला तिथे जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या दुष्काळी म्हणवणाऱ्या जिल्ह्यात सरासरी याच्या कितीतरी पट पडतो.

१९०२ मध्ये अब्दुल अज़ीज़ इब्न सऊद यांनी मसमक किल्ला घेतला तेव्हा हे मातीच्या तटाच्या आतले लहानसे गाव होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पायी जाता यायचे. मग तेल आले, तट पडला. १९६८ मध्ये डॉक्सियाडिस नावाच्या ग्रीक नियोजनकाराकडे शहराच्या आराखड्याचे काम देण्यात आले. त्याने दोन किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद अशा चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीभोवती मोठा रस्ता दिला. शहर त्या चौकटींतून वाढत गेले आणि चौकटींच्याही पुढे गेले. २०२२ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या सत्तर लाखांच्या घरात होती. पत्ता सांगायचा तर लोक रिंग रोडच्या एक्झिटचा आकडा सांगतात. भाईजानचे मित्र एकमेकांना त्या आकड्यांनीच ओळखतात: एक्झिट पंधरावाला, एक्झिट नऊवाला.

उन्हाचे सांगायचे तर पारा रोज त्रेचाळीस-चव्वेचाळीस. पण खरे सांगते, उन्हाचा त्रास आम्हाला वाटला होता तितका झाला नाही, कारण ऊन भेटलेच नाही. घरात एसी, गाडीत एसी, दुकानात एसी. घरापासून गाडीपर्यंत वीस पावले, तेवढाच काय तो चटका. गंमत पाण्याची होती. टाकी गच्चीवर, त्यामुळे थंड पाण्याचा नळ सोडला तर हात भाजायचा. भाभीने सांगितले की उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा आणि गरम पाण्याचा नळ सोडायचा. गीझरमधले पाणी घराच्या आत असते, म्हणून तेच जरा निवलेले. अम्मीने पहिल्या दिवशी सवयीने सगळ्या बादल्या भरून ठेवल्या. बीडमध्ये नळ आठ-दहा दिवसांनी येतो, तिचा हात कसा थांबणार? हे पाणी चारशे किलोमीटरवरून, जुबैलच्या समुद्रातून गोडे करून नळाने येते, असे भाईजानने सांगितल्यावर तिने वज़ूचा नळ आणखी बारीक केला.

ऊन सोसणारे वेगळे होते. मोटारसायकलवर जेवणाचे डबे पोचवणारी पोरे, रस्त्याच्या कडेला खड्डा खणणारे मजूर, डोक्याला आणि तोंडाला रुमाल बांधलेले. त्यांतले बरेच आपल्याच उपखंडातले. दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करवून घ्यायचे नाही असा नियम तिथे आहे, पण तो १५ जून ते १५ सप्टेंबर. आम्ही परतलो तोवर तो सुरूही झाला नव्हता.

आम्हाला घरात बसणाऱ्यांना ज्याने टेकीस आणले ते अंतर.

भाभीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक मोठे दुकान दिसते. भाजी, मटण, कपडे, औषधे, सगळे तिथे मिळते. दिसायला इतके जवळ की त्यावरची अक्षरे मी वाचायची. मधे रस्ता आहे, आठ पदरी, आणि गाड्या शंभरच्या वेगाने. पायी ओलांडायला जवळपास जागा नाही. गाडीने गेले तर पुढे जाऊन, पुलाखालून वळून परत यावे लागते. म्हणजे भाईजान कामावरून येईपर्यंत त्या दुकानाकडे फक्त बघायचे. खाली गल्लीत लहान बकाला आहे, म्हणजे आपले किराणा दुकान, तिथून दूध-पाव येतो. मस्जिदही जवळ आहे, हे कबूल करायला हवे. बाकी दवाखाना, शाळा, नातेवाईक, सगळे गाडीवर. २०१८ पासून तिथे बायकांना गाडी चालवता येते. पण दुसरी गाडी घ्यायची कशातून? बायकामुले सोबत ठेवायची तर परदेशी माणसाला दर माणशी महिन्याला चारशे रियाल सरकारला भरावे लागतात. भाभी आणि दोन मुले, बाराशे तिथेच गेले.

माझी भाची चौदा वर्षांची. भारतीय शाळेत जाते, बस पहाटे येते. शाळेबाहेर तिची एकही मैत्रीण पायी जाण्याच्या अंतरावर राहत नाही. माझा नऊ वर्षांचा भाचा बीडला येतो तेव्हा दिवसभर गल्लीत असतो, जेवायलाही ओढून आणावे लागते. इथे तो चाळीस दिवसांत एकदाही एकटा खाली उतरला नाही. बाहेर ऊन, आत मोबाइल. त्याला डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची औषधे दिली आहेत. सूर्य आग ओकतो त्या मुलखात ही तक्रार घरोघर आहे, कारण उन्हात जातोच कोण?

अम्मीचे वय त्र्याहत्तर. बशीरगंजमध्ये ती रोज असरनंतर निघते. आधी खालाचे घर, मग शेजारच्या काकूंचा ओटा, मग बांगडीवाल्याची चौकशी, मगरिबच्या आधी परत. डॉक्टर चालायला सांगतात, ती चालते आहे हे तिच्या लक्षातही नसते. रियाधला तिने आठवडाभर खिडकीतून पाहिले आणि विचारले, "इत्ते मकानां हैं, लोगां काँ हैं?" तिसऱ्या आठवड्यात तिचे पाय सुजले. गुडघे धरले. मी म्हटले, घरातल्या घरात फेऱ्या मारू. ती म्हणाली, "फेऱ्या कैदी मारतात."

मेट्रोत बसवून आणू म्हणून एका शुक्रवारी सगळे निघालो. डिसेंबर २०२४ मध्ये ती सुरू झाली. सहा मार्ग, १७६ किलोमीटर, डबे इतके स्वच्छ की अम्मी चप्पल काढू का विचारू लागली. उत्तमच आहे. पण स्टेशनपर्यंत आम्ही गेलो गाडीनेच, कारण घरापासून ते तीन किलोमीटर आणि वाटेत सावली नाही. पंचाहत्तर लाख झाडे लावायची योजना तिथे २०१९ मध्ये जाहीर झाली. रस्त्यांच्या कडेला रोपे दिसतातही. ती वाढेपर्यंत मात्र चालणारा उन्हातच.

बकरी ईदला तर फार जाणवले. बीडमध्ये त्या दिवशी दाराला कडी नसते. तिथे दुपार शांत गेली. इशानंतर भाईजानच्या मित्रांची दोन कुटुंबे आली, एक जण सव्वा तास गाडी चालवून. बिचारे बसले किती, तर पाऊण तास, कारण परतायचेही तेवढेच होते. त्याच्या आधी, मे संपता संपता, बीडहून धाकट्या भावाचा फोन आला होता. त्या वर्षी महाराष्ट्रात पाऊस लवकर आला. त्याने फोन दाराबाहेर धरला आणि अम्मी पत्र्यावरच्या पावसाचा आवाज ऐकत बसली. भाईजान उठून आत गेला.

परतण्याआधी भाईजानने आम्हाला दिरियाला नेले. सऊद घराण्याची ही जुनी राजधानी शहराच्या कडेलाच आहे, तिथल्या तुरैफ मोहल्ल्याला २०१० मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. मातीच्या जाड भिंती, बोळ इतके अरुंद की एका घराची सावली दुसऱ्यावर पडते. संध्याकाळ होती, अम्मी भिंतीला हात लावत लावत चालली. चाळीस दिवसांत एवढे ती कुठेच चालली नव्हती. "ये तो अपनी गली है," ती म्हणाली. आमच्या घराच्या भिंतीही पांढऱ्या मातीच्या आहेत, दीड हात रुंद. मेमध्येसुद्धा आतल्या खोलीत दुपारी चादर लागते. वाळवंटातल्या माणसाला हे आपल्याआधी ठाऊक होते, आणि आता ते तिकीट काढून पाहावे लागते.

विमानात मला सारखा बार्शी रोडचा प्लॉट दिसत होता. तिकडे जाणाऱ्यांनी तो पाहिला असेल: मुरमाचा तीस फुटी रस्ता, सिमेंटचे खांब, लेआउटची कमान, आणि मैलभर झाड नाही. शेअर रिक्षा बायपासपर्यंत येते, पुढे नाही. तिथे बंगले बांधलेल्या ओळखीच्या घरांत आता माणशी एक गाडी आहे, आणि म्हातारी माणसे गेटमध्ये खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसतात. तिथे हवा मोकळी, पार्किंगला जागा, नळाची भांडणे नाहीत, बोअर आपला. हे फायदे खोटे नाहीत. आमच्या गल्लीत गटार तुंबते, रात्री रिक्षा वळत नाही, आणि अम्मीला दवाखान्यात न्यायचे तर चौकापर्यंत धरून न्यावे लागते. मी स्वतः पाच वर्षे भाईजानच्याच बाजूने बोलत होते.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर प्लॉटची गोष्ट निघाली. भाईजान म्हणाला, "अम्मी, गाडीने सात मिनिटे लागतात फक्त." अम्मीने विचारले, "और पाँव से?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, माळवद किती ठिकाणी गळते ते बघून सांगा. पुढच्या आठवड्यात त्याने पैसे पाठवले. माळवदाचे काम जाणणारा माणूस आता शहरात मिळत नाही, धाकट्याने तो गेवराईकडच्या एका खेड्यातून आणला. गल्लीत वाळूचा ट्रॅक्टर शिरला नाही म्हणून पाट्यांनी वाळू वाहावी लागली, आणि त्यावरून शेजाऱ्यांशी दोन दिवस कुरबुर झाली.