विंडोजची फोल्डरं, लिनक्सचं गाठोडं

विंडोजवर युनिक्सच्या कमांड चालवण्यासाठी १९९५ पासून सिग्विन होतंच. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्येच लिनक्सची सोय दिली, ती डब्ल्यूएसएल. फोल्डरांचा बॅकअप घ्यायला दोन्ही चालतात. इथे डब्ल्यूएसएलचं बघू.

ड्राइव्ह कुठे सापडतात?

सी ड्राइव्ह '/एमएनटी/सी' या जागी आपोआप माउंट होतो. सिग्विनमध्ये तो '/सिगड्राइव्ह/सी'वर मिळतो. नंतर खुपसलेला पेनड्राइव्ह मात्र बऱ्याचदा दिसत नाही. त्यासाठी '/एमएनटी'खाली रिकामी डिरेक्टरी करायची आणि माउंट कमांडला फाइल सिस्टिमचा प्रकार 'डीआरव्हीएफएस' सांगून ड्राइव्हचं अक्षर द्यायचं. ऑफिसातलं शेअर्ड फोल्डरही असंच जोडता येतं.

गाठोडं बांधताना

टार हा १९७९ च्या युनिक्सपासूनचा प्रोग्रॅम. नाव टेपवरून पडलं, टेप गेल्या, तो राहिला. फोल्डरचा पूर्ण पत्ता थेट दिला तर टार सुरुवातीची तिरकी रेघ काढतो, पण बाकीचा पत्ता तसाच साठवतो. मग उलगडताना एमएनटी, सी, यूजर्स अशी फोल्डरात फोल्डरं निघतात. म्हणून मोठ्या 'सी'चा पर्याय वापरून आधी वरच्या फोल्डरात जायला सांगावं आणि पुढे फक्त 'डॉक्युमेंट्स' एवढंच नाव द्यावं.

फोटो आणि व्हिडिओंसाठी 'झेड' लावून कॉम्प्रेस करण्यात वेळ जातो, जागा फारशी वाचत नाही. डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीत हजारो बारक्या फायली वाचणं तसंही संथ असतं. मूळ फोल्डर पुसण्याआधी छोट्या 'डी'ने गाठोडं त्याच्याशी ताडून पाहावं. हा टप्पा बहुतेक जण गाळतात.

काय मागे राहतं?

विंडोजच्या परवानग्या. नेहमीच्या मांडणीत लिनक्सला सगळ्या फायली सर्वांना खुल्या दिसतात आणि टार तेच नोंदवतो. घरच्या फोटोंना याने काही बिघडत नाही. ऑफिसच्या सर्व्हरसाठी हा मार्ग नकोच. आउटलुक चालू असेल तर त्याची मेलची फाइल बहुधा वाचता येत नाही. टार ती सोडून पुढे जातो आणि शेवटी चूक झाल्याचं कळवतो, ती ओळ वाचायची. वनड्राइव्हमधल्या ढगाचं चिन्ह असलेल्या फायली तर डिस्कवर नसतातच. त्या आधी उतरवून घ्याव्यात.

मराठी नावांचा घोळ

विंडोजमध्ये फाइलचं नाव २५५ अक्षरचिन्हांचं चालतं. लिनक्सच्या ईएक्सटी४ची मर्यादा २५५ बाइटची, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-अनुस्वार-हलन्त धरून, ३ बाइट खातं. 'ग्रामपंचायत' एवढ्यालाच ३३ बाइट लागतात. म्हणजे ८५ चिन्हांपुढचं नाव लिनक्सच्या डिस्कवर उलगडणार नाही. 'ग्रामपंचायत मासिक सभा इतिवृत्त अंतिम दुरुस्त प्रत' इतकं नाव अजून बसतं. पुढे तारीख, गावाचं नाव आणि सह्या झाल्याची नोंद जोडण्याआधी मोजून घ्यावं.