चुणीदार पडद्याचें कसब

खिडकीला संस्कृतांत गवाक्ष असें म्हणतात, आणि त्या शब्दांत अक्ष म्हणजे डोळा दडलेला आहे. घराला डोळा असला म्हणजे त्याला पापणीही हवी. ती पापणी म्हणजे पडदा. कडीला लोंबणारा कापडी पडदा सर्वांच्या परिचयाचा आहे. चिकाचा पडदाही जुन्या माणसांच्या आठवणींत असेल. परंतु अलीकडे शहरांतील घरांत आणि कचेऱ्यांत जो आणखी एक प्रकार दिसूं लागला आहे, त्याची रचना निराळी आहे. बाजाच्या पेटीचा भाता टांगून ठेवावा, तसा तो दिसतो. कापडाला आडव्या, एकसारख्या चुण्या. वर एक पट्टी, खालीं एक पट्टी. आणि चुण्यांमधून ओवलेल्या बारीक दोऱ्या. दोरी ओढली कीं चुण्या एकमेकींवर बसतात आणि सबंध पडदा वरच्या पट्टीखालीं थोड्याशा जागेंत मावतो; सोडली कीं तो उलगडत खालीं येतो. पाहणाऱ्याला ही गोष्ट अगदीं सोपी वाटते. करणाऱ्याला मात्र विचारावें!

पहिला प्रश्न असा कीं, ही चुणी मोडत कां नाहीं? महाराष्ट्रांत निऱ्यांचें कौतुक पिढ्यान् पिढ्या चालत आलेलें आहे. नऊवारी लुगड्याच्या निऱ्या, उपरण्याच्या चुण्या, परटाकडून खळ लावून आलेलें धोतर, हें सर्व घरोघर पाहिलेलें असतें. पण सुती कापडाची चुणी खळीच्या जोरावर टिकते. पाणी लागलें कीं खळ जाते आणि तिच्याबरोबर चुणीही जाते. पॉलिएस्टरचें तसें नाहीं. हा धागा १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं शोधून काढला. त्याचा गुण असा कीं, तो उष्णतेनें मऊ होतो आणि थंड होतांना त्याला ज्या आकारांत धरून ठेवावें, तो आकार तो सोडीत नाहीं. म्हणून यंत्रांत घडीवर घडी घालून कापड तापवितात आणि तसेंच दाबून थंड करितात. सुमारें २६० शतमान अंशांवर हा धागा वितळतो. तेव्हां ताप त्याच्या बराच खालीं ठेवावा लागतो. ताप कमी पडला तर चुणी सैल राहते, अधिक झाला तर कापड कडक होऊन बिघडतें.

चुण्या घातलेलें कापड बहुधा असें तयारच कारखान्यांत येतें, आणि पडदा करणाऱ्याचें काम तेथून सुरू होतें. ऑस्ट्रेलियांत हा एक रीतसर धंदा आहे व त्याचें शिक्षण कामावर असतांनाच घेतां येतें. नवख्या उमेदवारानें प्रथम सुरी न धरतां टेप धरावी, हें बरें. तीही पोलादाची असावी. कापडी टेप ताणली जाते, आणि ताणलेली टेप खोटें बोलते. पडदा चौकटीच्या आंत बसावयाचा असेल, तर रुंदी वर, मध्यें व खालीं अशी तीन ठिकाणीं मोजावयाची. समजा, ती १२०४, १२०० आणि ११९८ मिलिमीटर भरली. नवखा माणूस सरासरी काढतो. जाणता माणूस सर्वांत लहान आंकडा घेतो, आणि पडदा मोकळा हलावा म्हणून त्यांतूनही कांहीं मिलिमीटर वजा करितो. कारण १२०० चा पडदा ११९८ च्या जागेंतून जाणार नाहीं, हें सरासरीला कळत नाहीं. पडदा चौकटीच्या बाहेरून लावावयाचा असेल, तर हिशेब उलटा. तेथें बाजूंनीं उजेड येऊं नये म्हणून रुंदी वाढवावी लागते.

मग येते भूमिति. समोरासमोरच्या बाजू समान असूनही चौकोन कललेला असूं शकतो; त्याचे दोन्ही कर्ण समान भरले तरच तो काटकोनी, हें शाळेंत प्रत्येकानें शिकलेलें असतें आणि बहुतेकांनीं विसरलेलें असतें. गवंड्यानें ओळंबा लावून भिंत बांधली, तरी कालांतरानें घर बसतें आणि चौकट किंचित् कलते. पडदा मात्र काटकोनांतच करावा लागतो. म्हणून कर्णांतील फरक मापाच्या कागदावर टिपून ठेवणें आणि गिऱ्हाइकाला आधींच सांगणें, हाही कौशल्याचाच भाग आहे. काम झाल्यावर सांगितलेलें कारण सबब ठरतें.

रुंदीनंतर उंची. पडदा पूर्ण खालीं आला तरी चुणी सपाट होतां कामा नये. ती थोडी दुमडलेलीच राहिली पाहिजे. समजा, एका चुणीच्या दोन्ही बाजू २०-२० मिलिमीटरच्या आहेत. ताणून सरळ केली तर ती ४० मिलिमीटर भरेल. पण लोंबतांना ३० धरली, तर १५०० मिलिमीटर उंचीच्या खिडकीला ५० चुण्या लागतील. त्यांत दोन-तीन शिलकी धरणें शहाणपणाचें, कारण कमी पडलेली चुणी मागाहून जोडतां येत नाहीं. येथें आणखी एक मेख आहे. सर्वांत वरच्या चुणीवर तिच्याखालच्या साऱ्या कापडाचें वजन येतें. खालच्या चुणीवर जवळजवळ कांहींच नाहीं. म्हणून वरच्या चुण्या अधिक उघडतात आणि खालच्या मिटून राहतात. उंच पडद्यांत हा फरक डोळ्यांना खुपतो. त्यासाठीं चांगल्या प्रतीच्या पडद्यांत चुण्यांच्या पाठीमागें ठराविक अंतरांवर फासे असलेली दोरी घालतात, म्हणजे प्रत्येक चुणी आपल्या वाट्याइतकीच उघडते.

कापतांना चुण्या गच्च मिटवून, त्यांचा गठ्ठा करून, गुण्या लावून कापावें. पातें धारदार हवें. बोथट पात्यानें कडेचे धागे सुटतात. उष्णतेनें वितळण्याचा या धाग्याचा गुण येथें उपयोगी पडतो. तापलेल्या सुरीनें कापलें कीं कडेचे धागे आपोआप एकमेकांना चिकटतात. त्यानंतर दोरीसाठीं भोकें पाडावयाचीं, तीं चुणीच्या बरोबर मध्यावर आणि सर्व एका ओळीत. एखादें भोक रेषेबाहेर गेलें तर दोरी तेथें घासते, पडदा वर जातांना अडतो आणि कांहीं दिवसांनीं कापड त्याच ठिकाणीं विरतें. वरखालच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या असतात. त्या करवतीनें कापल्यावर टोकें कानशीनें घासून गुळगुळीत करावीं लागतात, कारण राहिलेली धार हळूहळू दोरी कापते.

शेवटीं दोऱ्या ओवावयाच्या. सर्व दोऱ्यांना सारखाच ताण हवा. पडदा तयार झाला म्हणजे तो कारखान्यांतच टांगून, खालच्या पट्टीवर पाणसळ ठेवून, अनेक वेळां वरखालीं करून पाहतात. तो एका बाजूला कलला तर नवखा उमेदवार कापडाला दोष देतो. मुरलेला कारागीर आधीं दोऱ्यांचा ताण पाहतो. एक गांठ सोडून पुन्हां बांधली कीं पुष्कळदां काम होतें. स्वतःच्या अंगाचीही काळजी घ्यावी लागते: करवतीजवळ डोळ्यांना चष्मा व कानांना बोळे, आणि पात्याची दिशा नेहमीं शरीरापासून दूर.

परंतु या सर्व कसबाहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. जी दोरी पडदा उचलते, तीच लहान मुलाच्या गळ्याला फांस होऊं शकते. रांगणारें किंवा नुकतेंच चालूं लागलेलें मूल लोंबत्या दोरीच्या वेढ्यांत अडकून, आवाजही न करितां, कांहीं मिनिटांत प्राणास मुकल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. त्यांतूनच नियम झाले. ऑस्ट्रेलियांत २०१४ सालीं केलेल्या नियमानें, जमिनीपासून १६०० मिलिमीटरच्या आंत, २२० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा फांस पडूं शकेल अशी सैल दोरी राहूं नये, असें बंधन पडदा बसविणाऱ्यावरही घातलें. अमेरिकेंतील धंद्याच्या मानकानें २०१८ च्या अखेरीपासून तयार विकले जाणारे पडदे लोंबत्या दोरीवांचून करावयास लाविले. आतां पुष्कळ चुणीदार पडद्यांत दोरी आंतल्या आंतच राहते व खालची पट्टी हातानें ढकलून पडदा वरखालीं करतां येतो. जेथें दोरी आहे, तेथें ती उंचावरील खुंटीला गुंडाळावी लागते, आणि ती खुंटी भिंतींत पक्की बसविणें हें काम कारागिराचें आहे. चुणी चुकली तर गिऱ्हाईक कुरकुर करील. खुंटी चुकली तर त्याची भरपाई कशानेंच होणार नाहीं.

मुंबई-पुण्याच्या घरांतूनही असे पडदे लागतात. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं ते असतील, त्यांनीं आज रात्रीं पडदा ओढतांना दोन गोष्टी पाहाव्या. खालची पट्टी सरळ रेषेंत आहे कीं नाहीं, ही पहिली. तिच्यावरून कारागिराच्या हाताची परीक्षा होईल. दोरी कोठपर्यंत लोंबते आणि तिच्याजवळ पाळणा, खाट किंवा मुलाला चढतां येईल अशी खुर्ची आहे काय, ही दुसरी. ती परीक्षा घरच्या माणसांची. खाट आणि खुर्ची हलवावयास क्षणभर पुरतो, आणि दोरी वर बांधावयास त्याहूनही कमी.